प्रतिकृती आणि प्रवाह : विज्ञान-कादंबरीच्या माध्यमांतराविषयी



साहित्यकृतीच्या माध्यमांतराविषयी बोलताना आपल्या तोंडी एक वाक्य हमखास येते : 'चित्रपट बरा आहे, पण मूळ कादंबरीची सर त्याला नाही.' उत्तरपत्रिकांतही हेच वाक्य निरनिराळ्या शब्दांत उतरते. कोणते प्रसंग गाळले, कोणती पात्रे वाढवली, शेवट कसा बदलला, याची यादी दिली की तुलना पूर्ण झाली, असा आपला समज असतो. माझ्या मते ही यादी तुलनेची केवळ सुरुवात आहे. विज्ञान-कादंबरीच्या बाबतीत तर ती पुष्कळदा आपली दिशाभूल करते. असे मी का म्हणतो, हे स्पष्ट करण्यासाठी तुम्हांला प्रथम खडकवासल्याला नेतो.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या परिसरात केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे. १९१६ साली मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी सुरू झालेल्या एका छोट्या विभागातून ती वाढली. नद्या, बंदरे, धरणांचे सांडवे यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांतून प्रत्यक्ष पाणी सोडायचे व प्रवाहाचा अभ्यास करायचा, हे तेथील एक प्रमुख काम. या कामात एक अडचण असते. समजा, नदी पाच मीटर खोल आहे आणि तिची प्रतिकृती पाचशेव्या हिश्शाची करायची आहे. सर्व मापे सारखीच घटवली, तर प्रतिकृतीत जेमतेम एक सेंटिमीटर पाणी राहील. एवढे उथळ पाणी नदीसारखे वाहत नाही. तळाचे घर्षण आणि पृष्ठताण यांचाच अंमल त्याच्यावर चालतो. म्हणून अशा प्रतिकृतीत लांबी-रुंदी पाचशेव्या हिश्शाची ठेवली, तरी खोली मात्र, उदाहरणार्थ, पन्नासाव्या हिश्शाची ठेवतात. नदी दिसायला बेढब होते, परंतु तिचा प्रवाह खऱ्या नदीसारखा वागू लागतो. सगळीच प्रमाणे एकाच वेळी सांभाळता येत नाहीत. कोणते सांभाळायचे, हे आपल्याला नदीविषयी काय जाणून घ्यायचे आहे, यावर ठरते.

माध्यमांतराचेही असेच आहे. तीनशे पानांची कादंबरी दोन-अडीच तासांत आणताना काहीतरी बेढब होणारच. तेव्हा प्रश्न 'काय बदलले?' एवढाच नसून 'काय सांभाळण्यासाठी बदलले?' असा असला पाहिजे. विज्ञान-कादंबरीत सांभाळण्याजोगी मुख्य गोष्ट म्हणजे तिचे गृहीतक. 'असे घडले तर माणसाचे काय होईल?' हा तो प्रश्न. याने, यंत्रे आणि परग्रह हे त्या प्रश्नाचे काठ आहेत. प्रवाह तो प्रश्नच आहे.

दोन उदाहरणे पाहू. पोलिश लेखक स्टानिस्लाव लेम यांची 'सोलारिस' ही कादंबरी १९६१ सालची. एका परग्रहावरील महासागर हाच एक सजीव आहे, आणि माणसाचे सारे शास्त्र त्याच्यापुढे अपुरे पडते, हे तिचे गृहीतक. कादंबरी नायकाच्या अंतराळप्रवासापासूनच सुरू होते. आंद्रेई तारकोव्हस्की यांचा १९७२ सालचा चित्रपट मात्र पृथ्वीवरच्या एका तळ्याकाठी, पाण्यात हलणाऱ्या शेवाळापाशी सुरू होतो आणि नायकाच्या वडिलांच्या घरी बराच वेळ रेंगाळतो. चित्रपट अत्यंत सुंदर आहे. तरीही लेम यांना तो पटला नाही. माझ्या मते त्यांची तक्रार रास्त होती. दिग्दर्शकाने नायकाची अपराधी जाणीव सांभाळली आणि मानवी ज्ञानाच्या मर्यादेचा प्रश्न मागे सारला. तो चित्रपट थोर आहे, पण त्यातून वाहणारी नदी वेगळी आहे.

उलट उदाहरण टेड चिआंग यांच्या १९९८ सालच्या दीर्घकथेचे. नवी भाषा शिकताना एका भाषावैज्ञानिक स्त्रीची काळाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, हे तिचे गृहीतक. दनी व्हिलनव्ह यांनी 'अरायव्हल' (२०१६) या चित्रपटात कथेतील भौतिकशास्त्राची चर्चा जवळजवळ वगळली आणि देशादेशांतील युद्धजन्य तणाव नव्याने घातला. यादी केली, तर बदल मोठे दिसतील. पण भाषा आणि काळ यांचा संबंध चित्रपटाने हातचा जाऊ दिला नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्या आपणांस तर हा चित्रपट विशेष जवळचा वाटावा.

आता आपल्या घराकडे वळू. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे त्यांच्यासह बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे अशा अनेकांनी मराठी विज्ञानसाहित्य समृद्ध केले. ज्या पुण्यात नारळीकरांनी 'आयुका' उभारली, त्याच पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था १९६० पासून आहे, आणि चित्रपटांचा राष्ट्रीय संग्रह १९६४ पासून. तरीही मराठी चित्रपटाने या कथा-कादंबऱ्यांकडे क्वचितच पाहिले. सुजय डहाके यांचेच पाहा. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून 'शाळा' करणाऱ्या या दिग्दर्शकाने 'फुंतरू' (२०१६) हा विज्ञानपटही केला. पण शाळकरी वयासाठी त्यांना मराठी कादंबरी जवळची वाटली, आणि विज्ञानासाठी मात्र नवी गोष्ट रचावी लागली.

विज्ञानपटाला अफाट पैसा लागतो, हे याचे नेहमी सांगितले जाणारे कारण. ते मला पुरते पटत नाही. स्ट्रुगात्स्की बंधूंच्या कादंबरीवरून तारकोव्हस्की यांनी केलेला 'स्टॉकर' (१९७९) आठवा : माजलेले गवत, ओसाड इमारती, साचलेले पाणी आणि चालणारी तीन माणसे. परकी सृष्टी दाखवण्यासाठी एवढे पुरले. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा घ्या. अपघातानंतर इतिहासाचे एक प्राध्यापक, मराठ्यांनी पानिपत जिंकले आहे, अशा भारतात पोहोचतात. ते ग्रंथालयात जाऊन तिथला इतिहास वाचतात. परततात तेव्हा विश्वासरावांना गोळी लागली नसल्याचे सांगणारे बखरीचे एक पान त्यांच्याजवळ असते. आशुतोष गोवारीकरांच्या 'पानिपत' (२०१९) या चित्रपटाला सैन्य उभे करावे लागले. या कथेला एक ग्रंथालय, एक फाटके पान आणि दोन माणसांचे संभाषण पुरेल. ते संभाषण दृश्यात कसे आणायचे, ही खरी अवघड गोष्ट आहे. पण ती अडचण पटकथेची आहे, तिजोरीची नाही.

हा केवळ चित्रपटसृष्टीचा प्रश्न आहे, असे समजू नका. उद्याचे जग कसे असेल, याची चित्रे आपली मुले बहुतांशी परक्या पडद्यावर पाहतात. त्या चित्रांत आपली गावे, आपला इतिहास, आपली भाषा नसते. मग भविष्य हे दुसऱ्यांच्याच मालकीचे आहे, असे नकळत मनावर ठसते. मराठी लेखकांनी ही वाट कधीच मोकळी केली आहे. ती पडद्यापर्यंत पोहोचायची, तर प्रथम जाणता वाचक हवा, आणि तो तुमच्यातून घडणार आहे.

म्हणून एक करा. तुम्हांला आवडलेली एखादी मराठी विज्ञानकथा किंवा कादंबरी निवडा. तिचे गृहीतक एका वाक्यात लिहा. ते सांभाळण्यासाठी पडद्यावर कोणत्या तीन गोष्टी तुम्ही निःसंकोच बदलाल, ते ठरवा. गाळलेल्या प्रसंगांची यादी त्यानंतर करायची.