दाराच्या कडीचे गणित

दिवाळीत लवंगीचा बार आपण अंगणात लावतो आणि चार पावले मागे सरतो. बंदुकीचा बार मात्र गालाशी धरून उडवायचा असतो. तो कशाच्या भरवशावर?

आपल्या खानदेशात हा प्रश्न परका नाही. भुसावळपलीकडे वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. आणि धुळे-जळगावकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची बारा बोअरची एकनळी बाळगणारी घरेही आहेत. एकनळीत एका वेळी एकच बार. काडतूस घातले की मागचे दार लागते आणि एक कडी ते धरून ठेवते. सारा भरवसा त्या कडीवर!

गृहिणींना कुकरचे उदाहरण पटेल. शिटी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब जास्त असतो. जुन्या .३०३ रायफलीच्या काडतुसात तो तीन हजार किलोंच्या वर जातो. काडतुसाचा बुडखा बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसला, तरी क्षणभर दारावर दोन टनांहून अधिक रेटा बसतो. आणि येथे शिटी नाही!

१८७१ साली इंग्रजी फौजेने मार्टिनी-हेन्री ही एकबारी रायफल घेतली, तेव्हा दारू काळी होती. तिचा दाब पुढे आलेल्या धूरहीन दारूपेक्षा बराच कमी. इशापूरच्या कारखान्यात १९६० नंतर .३०३ च्याच घडणीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी करायची ठरली, तेव्हा आराखडा बहुतांशी तोच ठेवून पोलाद मात्र अधिक कसाचे घेतले. दार तेच दिसले, तरी कस वेगळा.

म्हणूनच नवी बंदूक विकण्यापूर्वी नेहमीपेक्षा जड बार भरून, दूर उभे राहून उडवून पाहतात. टिकली तर ठसा मारतात. पण तो ठसा ठरावीक काडतुसापुरताच असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

खरी मेख येथेच आहे. आजोबांच्या एकनळीची कोठी पुष्कळदा ६५ मिलिमीटरची असते. बाजारात ७० मिलिमीटरचे काडतूस मिळते. तोंड दुमडलेले असल्यामुळे ते आत बिनबोभाट बसते, दारही लागते. परंतु बार उडताना दुमड उलगडते, अरुंद भागात शिरते, वाट आखडते आणि दाब भलताच चढतो. एखादे वेळी काही होत नाही, आणि त्यामुळेच माणूस निर्धास्त होतो. दरम्यान कडी झिजत असते, बिजागरी सैल होत असते.

तेव्हा वाचकहो, घरात अशी बंदूक असेल तर काडतूस बसले म्हणजे झाले, असे समजू नका. नळीवरचा आकडा वाचा, दार हलते का ते जाणत्या बंदूकवाल्याकडून तपासून घ्या. आणि तो "आता पुरे" म्हणाला, तर तिची माया सोडा.