दवाखान्यात पेशंटपाशी बसताना

मायबहिणींनो, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १० बाळं दगावली, ७ वाचली.

विहिरीवरच्या मोटारीचा जळका वास आला की आपण धावत जाऊन स्टार्टर बंद करतो. तोच वास वॉर्डात आला तर मात्र ‘मोठा दवाखाना आहे, पाहतील ते’ म्हणून गप्प बसतो. तसं बसू नका. नर्सबाईंना लगेच हाक मारा; रागावल्या तर रागावू द्या. ऑक्सिजन लावलेल्या खाटेजवळ उदबत्ती, काडी, बिडी नको. (अंगारा खुशाल लावा.) ऑक्सिजनपाशी लहानशी ठिणगीही भडकते. पेशंट दाखल केल्याबरोबर बाहेर पडायचं दुसरं दार पाहून ठेवा. त्याला कुलूप दिसलं तर किल्ली कुणाकडे असते, तेही विचारा.