दुष्फेन पाण्याचा अदृश्य कर

धाराशिव जिल्ह्याच्या पाण्याचा प्रश्न निघाला की राज्यकर्त्यांची जीभ टँकरच्या आकड्यांपलीकडे जात नाही. पाणी किती, एवढेच विचारले जाते. पाणी कसे, हा प्रश्न मात्र चुलीपाशी आणि धुण्याच्या दगडापाशी ढकलून दिला जातो. तेथे त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी अर्थातच घरातील स्त्रीवर येते.

हा प्रदेश बेसाल्ट खडकाचा. या खडकाच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच वर येते. यालाच शास्त्रात दुष्फेन म्हणतात, गावात जड पाणी म्हणतात. १९७२च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी गावोगाव पसरल्या. उथळ आड आटले, बोअर खोल गेले. २००९चा महाराष्ट्र भूजल अधिनियम ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घालतो. तरीही ज्याच्यापाशी पैसा त्याने उसासाठी पाताळ गाठावे आणि ज्याच्यापाशी तो नाही त्याने उरलेले क्षार प्यावेत, असाच व्यवहार रूढ झाला आहे.

या पाण्याची किंमत कोण मोजते? रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने १ ग्रॅम कठीणता सुमारे ६ ग्रॅम साबण निष्फळ करते. लिटरला ६०० मिलिग्रॅम कठीणता असलेल्या २० लिटरच्या बादलीला फेस धरायला लावायचा, तर आधी ७० ग्रॅमहून अधिक साबण नुसता साका होऊन वाया जातो. तुरीच्या डाळीची तीच गत. पाण्यातील कॅल्शियम डाळीतील पेक्टिनला जखडून ठेवते. डाळ शिजत नाही आणि सरपण किंवा गॅस जळत राहतो. हा करच आहे. मात्र तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि शेतमजुराच्या घरावर व बागायतदाराच्या घरावर तो सारखाच बसतो.

यावर दोन उत्तरे तयार असतात. पहिले सरकारी: असे पाणी आरोग्यास घातक नाही. हे बव्हंशी खरेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणास्तव मर्यादा ठरवलेली नाही. पण माणूस आजारी पडत नाही म्हणून त्याचे श्रम, इंधन आणि साबण लुटण्याचा परवाना कोणी दिला? दुसरे उत्तर व्यापाऱ्याचे: मुतखड्याची भीती दाखवून तो यंत्र विकतो, नाही तर २० लिटरचा जार विकतो. जमिनीखालचे सर्वांचे पाणी उपसायचे, त्यातील क्षार काढायचे, ते गरिबालाच विकायचे आणि शुद्ध पाण्याहून अधिक क्षारयुक्त पाणी गटारात सोडायचे! दुष्काळी मुलुखात यापेक्षा निर्लज्ज धंदा तो कोणता?

घरगुती उपाय निरुपयोगी आहेत असे नव्हे. उकळल्याने बायकार्बोनेटची कठीणता जाते आणि भांड्याच्या तळाशी पांढरी खपली बसते. सल्फेट व क्लोराइडची मात्र उरते. धुण्याच्या पाण्यात चिमूट-मूठ धुण्याचा सोडा टाकल्यास क्षार खाली बसून साबण वाचतो; तो सोडा स्वयंपाकात घालायचा नसतो. तुरटीने गढूळपणा जातो, कठीणता नव्हे. हे ज्ञान प्रत्येक घरी पोचलेच पाहिजे. परंतु सार्वजनिक कर्तव्याऐवजी गृहिणीला उपदेश देणे ही शुद्ध पळवाट होय.

खरी मेख प्रमाणातच आहे. भारतीय मानक १०५०० कठीणतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठरवते आणि दुसरा स्रोत नसेल तरच ६००पर्यंत सूट देते. दुसरा स्रोत नाही, हे ठरवले कोणी? धाराशिव शहरासाठी सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयातून नळ आणता आला. पाऊस तर प्रत्येक छपरावर पडतो, आणि पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. म्हणजे अभाव स्रोताचा नाही, इच्छेचा आहे. अपवादाची सूट बोअरवर जगणाऱ्या गावांसाठी नियम बनली आहे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन घोषित झाले. माणशी रोज ५५ लिटर पाणी, तेही या मानकानुसार, असे वचन दिले गेले. तेव्हा मोजमाप नळांच्या संख्येवर थांबता कामा नये. प्रत्येक स्रोताची कठीणता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली जावी. जलाशयाचे अथवा पावसाचे पाणी मिसळून ती उतरवावी. जेथे ते अशक्य, तेथे पाणी सुफेन करण्याचे सार्वजनिक केंद्र सार्वजनिक खर्चाने चालावे. खोल उपशावरील कायदा बागायतदाराच्या बांधावरही लागू व्हावा. नळ दारात आणून पाणी मात्र जारवाल्याकडून विकत घ्यायला लावणारी योजना ही जनतेची नव्हे, बाजाराची योजना आहे. आणि तिचा जाब ग्रामसभेत स्त्रियांनीच विचारला पाहिजे.