वेतन की विद्यावेतन?

गेल्या महिन्यातील एका रविवारी शहापूर भागातील एक विणकर गृहस्थ आपल्या मुलीसह माझ्या घरी आले. मुलगी माझी माजी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे तिने बेळगावातच संगणक शाखेची अभियांत्रिकी पदवी घेतली. तिच्या हातात दोन कागद होते. एक बंगळूरच्या एका कंपनीचे नेमणूकपत्र, दरमहा पन्नास हजारांचे. दुसरा त्याच शहरातील एका संशोधनसंस्थेकडून आलेले पीएच.डी.च्या प्रवेशमुलाखतीचे बोलावणे. वडील म्हणाले, "गुरुजी, मागावरचं दोन लाखांचं कर्ज अजून फिटायचं आहे. धाकटा बारावीला आहे. नोकरी दारात आली असताना आणखी पाच वर्षं शिकायचं कसं? आणि तिथे जे पैसे देतात, तो पगार म्हणायचा की दान?"

वाचकहो, हा प्रश्न आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी विचारला जात असेल. म्हणून त्या दिवशी झालेले बोलणे येथे मांडतो.

संगणकावर काम करणारा प्रत्येक जण संशोधक नव्हे. ठरलेल्या नमुन्यावर उत्तम वस्त्र विणणे ही एक विद्या, आणि मागाचीच नवी रचना शोधणे ही दुसरी. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे संगणकाने खात्रीने आणि झटपट कसे ठरवावे, हा गणितातील जुना प्रश्न. तो २००२ साली कानपूरच्या आयआयटीत प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल व नितीन सक्सेना, यांनी सोडविला. त्या दोघांनी बी.टेक. नुकतेच पूर्ण केले होते. २००६ साली या कार्याला गोडेल पारितोषिक मिळाले. पुढे कयाल बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनशाळेत रुजू झाले. ही संशोधनशाळा २००५ साली सुरू झाली.

या वाटेवर शिदोरी कोणती लागते? पहिली गणिताची: संभाव्यता, रेषीय बीजगणित, तर्कशुद्ध सिद्धता. दुसरी 'गेट' परीक्षेतील गुणांची; ते तीन वर्षे ग्राह्य असतात. भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी बी.ई. झालेल्यांनाही थेट पीएच.डी.च्या मुलाखतीला बसता येते. तिसरी इंग्रजीत नेमके लिहिण्याची. कारण शोधनिबंध त्या भाषेत लिहावे लागतात. मराठी माध्यमाने यात अडत नाही, मात्र सराव हवा. आणि चौथी, मार्गदर्शक पारखून निवडण्याची. संस्थेच्या नावापेक्षा ही निवड पुष्कळदा अधिक मोलाची ठरते.

आता पैशांविषयी. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे केंद्राच्या कनिष्ठ संशोधकास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढील तीन वर्षे ४२,००० रुपये विद्यावेतन ठरले. मी कागदावर हिशेब मांडला: पाच वर्षांचे २४ लाख. नेमणूकपत्रावरील पगार वाढला नाही असे धरले, तरी त्याच काळात ३० लाख. अंतर सहा लाखांचे. पगारवाढ धरल्यास त्याहून अधिक. हे मी लपविले नाही.

पीएच.डी.नंतरचे चित्र निराळे. सातव्या वेतन आयोगानंतरच्या रचनेत आयआयटीतील प्रथम श्रेणीच्या सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन १,०१,५०० रुपयांपासून ठरले, भत्ते वेगळे. बंगळूरला संरक्षण संशोधन संघटनेची, कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानवशास्त्राला वाहिलेली प्रयोगशाळा १९८६ पासून आहे. या संघटनेत 'शास्त्रज्ञ ब' या पदासाठी अभियांत्रिकी पदवी, गेटचे गुण आणि मुलाखत पुरते. त्याच आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून. खासगी संशोधनशाळांचे कोष्टक जाहीर नसते. तेथील वेतन करारावर ठरते आणि ते सरकारी वेतनाहून पुष्कळ अधिक असू शकते. परंतु तेथे जागा थोड्या असतात आणि बहुधा पीएच.डी.वाचून प्रवेश मिळत नाही.

वडिलांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "पाच वर्षांनी हे सगळं मिळेलच, याची हमी कोण देणार?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. प्रबंध रखडतात, कित्येक जण मध्येच सोडतात. मात्र त्यांच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते. विद्यावेतन हे दान नव्हे. जे अद्याप कोणालाच ठाऊक नाही, ते शोधण्यासाठी समाजाने दिलेला तो मेहनताना आहे. तो घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

तोवर गप्प बसलेली मुलगी म्हणाली, "बाबा, मुलाखतीला तरी जाऊ दे. निवड नाही झाली, तर नोकरी धरेन; गेटचे गुण आणखी दोन वर्षं चालतील. निवड झाली, तर वसतिगृहात राहून दर महिन्याला दहा हजार घरी पाठवीन. कर्जाचा हप्ता मी भरीन."

वडिलांनी माझ्यासमोरचा हिशेबाचा कागद उचलला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "हप्त्याचं मी बघतो. तू आधी पास हो."

गेल्या सोमवारी रात्रीच्या गाडीने दोघेही बंगळूरला गेले. निकाल अद्याप यावयाचा आहे. तो काहीही लागो, मुलीच्या मुलाखतीसाठी एक दिवस माग बंद ठेवून तो बाप तिच्यासोबत गेला, याचेच मला अप्रूप वाटते.