डायपर घराघरांत पोहोचला. वापरलेला टाकायचा कुठं?

सातारा : डायपर म्हणजे तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळणारी वस्तू, असे दिवस आता गेले. वाडीवरच्या किराणा दुकानातही शाम्पूच्या पुड्यांशेजारी त्याची छोटी पाकिटं लटकलेली असतात. घरातली जुनी माणसं म्हणतात, "आजकालच्या पोरींना कष्ट नकोत." म्हणायला सोपं आहे. पण जिल्ह्याकडं नीट पाहिलं तर हे टिकत नाही.

माण-खटावात उन्हाळ्यात जिथं टँकरची वाट बघावी लागते, तिथं दिवसाला पंधरा-वीस लंगोट धुवायला पाणी आणायचं कुठून? पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या बाजूला पाणी भरपूर, पण पावसाळ्याचे चार महिने कपडा वाळत नाही. चुलीवरच्या दोरीवर टाकलेल्या बाळुत्यांना धुराचा वास लागतो आणि ती दमटच राहतात. त्यात बाळंतिणीची रात्रीची झोप उडालेली. लसीकरणाला जाताना एसटीत तास-दीड तास मांडीवर बाळ घेऊन बसायचं, ते वेगळंच. याला चैन कोण म्हणेल?

खर्च मात्र चैनीसारखाच आहे. एक डायपर दहा रुपयांचा धरला आणि दिवसाला पाच लागले, तर महिन्याला दीड हजार रुपये झाले. मोठं पाकीट स्वस्त पडतं, पण एकदम तेवढे पैसे हातात नसले की दोन-दोनची पाकिटं आणली जातात आणि नग महाग पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दहा रुपयांमागं साठ-पासष्ट पैशांचा हा दिलासा.

म्हणून मग एकच डायपर सकाळपासून दुपारपर्यंत ओढला जातो. आतली पावडर लघवी शोषून तिचा गर करते, त्यामुळं वरून तो कोरडाच वाटतो. पण बाळाची कातडी लाल पडते, पुरळ उठतं. तीन-चार तासांनी आणि शी केली की लगेच बदलायचा, दिवसातून काही वेळ बाळाला उघडं ठेवायचं, पावडर थापायची नाही, एवढं सांभाळलं तरी बराच त्रास टळतो. घरी असताना दिवसा सुती लंगोट आणि रात्री किंवा प्रवासात डायपर असं केलं, तर खर्चही निम्म्याहून खाली येतो. पुरळ वाढलं तर घरभेटीला येणाऱ्या आशाताईंना दाखवावं.

खरी अडचण डायपर काढल्यानंतर सुरू होते. गावात घंटागाडी असलीच तर ओला आणि सुका कचरा घेते. डायपर बघितला की गाडीवरचा माणूस तोंड फिरवतो. त्याचंही चूक म्हणता येत नाही, कारण पुढं न्यायचं कुठं हे त्यालाही कुणी सांगितलेलं नाही. मग तो ओढ्यात जातो, नाहीतर उकिरड्यावर. तिथून कुत्री ओढत आणतात आणि उकिरड्यातला प्लास्टिकचा तुकडा शेणखताबरोबर रानात पसरतो. पेटवला तर ओला गर जळत नाही, नुसता धुमसत राहतो. शौचालयात टाकला तर दोन खड्ड्यांचं शौचालय तुंबतं.

नियम नाहीत असं नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं, की वापरलेला डायपर गुंडाळून टाकण्यासाठी कंपनीनं पाकिटासोबत पिशवी द्यावी. किती मायमाऊल्यांनी ती पिशवी बघितली आहे? १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डायपर सॅनिटरीत येतो. तो वेगळा द्या असं घरांना सांगायचं, तर वेगळा घेणारा डबा आधी गाडीवर हवा. २०१८ च्या केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात देशात पहिल्या आलेल्या जिल्ह्याला हे जड जाऊ नये.

पैशाचं कारणही पुरं पडत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींचा ६० टक्के निधी बंधित ठेवला आणि त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी होता. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांची तरतूद ठेवली गेली. त्यातून कंपोस्ट खड्डे झाले, गाड्या आल्या. डायपरचा विषय बैठकीत निघत नाही, कारण तो बदलणारी बाई बहुधा त्या बैठकीत नसते.

तोवर घरच्यांनी एवढं करावं: शी शौचालयात झटकावी, डायपर घट्ट गुंडाळून कागदात बांधावा आणि झाकणाच्या डब्यात ठेवावा. गाडी घेतच नसेल, तर विहीर-बोअरपासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावा.

राहिला बैठकीचा प्रश्न. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, असं ग्रामपंचायत कायदाच सांगतो. अनेक गावांत ती रजिस्टरमधल्या सह्यांपुरतीच होते. पुढच्या ग्रामसभेआधी गाडीवर सॅनिटरी कचऱ्याचा डबा कधी येणार आणि तो भरल्यावर कुठं जाणार, हे त्या सभेत विचारून उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येतं.