मोती पिसाळलेला नाही

रात्रीचे दोन वाजले आहेत. होसकोट्यातील एखाद्या मराठी घरातले हे चित्र डोळ्यांपुढे आणा. जुन्या मद्रास रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकची घरघर तेवढी ऐकू येते आहे. घरातली सगळी मंडळी झोपली आहेत आणि तेरा वर्षांचा मोती बाहेरच्या खोलीत येरझारा घालतो आहे. दार उघडते त्या बाजूला न जाता तो बिजागरीच्या बाजूला नाक लावून उभा राहतो. मग कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरतो. तिथून मागे कसे यायचे हे त्याला उमगत नाही आणि तो केविलवाणा भुंकू लागतो.

सकाळी सतरंजी ओली असते. सासूबाई वैतागून म्हणतात, "इतकी वर्षं कधी घरात घाण केली नाही. आता मुद्दाम करतोय." शेजारचे काका कुंपणावरूनच विचारतात, "पिसाळला तर नाही ना?" चहा घेता घेता मुलगा हळूच म्हणतो, "आई, लांब तळ्याकडे सोडून येऊ का?" ते ऐकून धाकटी नात रडू लागते. तिच्या जन्माच्या आधीपासून मोती या घरात आहे.

बंगळूर, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत होते. या टापूत मराठी बोलणारी घरे जुनी आहेत आणि अलीकडे नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांची त्यांत भर पडली आहे. पण मोतीची ही गोष्ट होसकोट्यापुरती नाही. पुणे, नागपूर, बेळगाव, जिथे जिथे कुत्रा म्हातारा होईपर्यंत सांभाळला जातो, तिथे ती घडू शकते.

हा खोडसाळपणा नव्हे

माणसाला जसा उतारवयात स्मृतिभ्रंश होतो, तसाच आजार कुत्र्यालाही होतो. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत जे अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते, ते म्हाताऱ्या कुत्र्याच्या मेंदूतही साचलेले आढळते. ओळखीच्या घरात वाट चुकणे, भिंतीकडे टक लावून बसणे, दिवसा झोपणे व रात्री जागणे, घरात लघवी करणे, घरच्यांना पाहून शेपटी न हलवणे किंवा उलट क्षणभरही एकटे न राहणे ही त्याची लक्षणे आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि पंधरा-सोळा वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत यांपैकी निदान एका प्रकारचा बिघाड दिसला. २०१० सालच्या ऑस्ट्रेलियातील एका पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. तिथे सुमारे १४ टक्के वृद्ध कुत्र्यांना हा आजार असावा असे दिसले, पण पशुवैद्यांकडून निदान झालेले कुत्रे २ टक्केही नव्हते. बाकीच्यांच्या घरी "म्हातारा झालाय, चालायचंच" असे म्हणून विषय संपला असावा.

पिसाळणे वेगळे

शेजारच्या काकांची शंका मात्र हसण्यावारी नेऊ नये. पिसाळलेल्या कुत्र्याचे वागणे एकाएकी बदलते. लाळ गळते, आवाज बदलतो, गिळता येत नाही, चाल अडखळते आणि बहुधा दहा दिवसांच्या आत तो मरतो. म्हातारपणाचा विसर कित्येक महिन्यांत हळूहळू वाढत जातो. तरीही शंका वाटली तर कुत्र्याजवळ न जाता पशुवैद्यांना कळवावे. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दर वेळी ठरल्या तारखेला द्यावी, म्हणजे म्हातारपणी अशी शंका घेण्याची वेळ सहसा येत नाही.

आधी तपासणी

घरात लघवी होण्यामागे मधुमेह असू शकतो किंवा मूत्रपिंडाचा विकार. हाक मारूनही न येणारा कुत्रा बहिरा झालेला असू शकतो, ठेचकाळणाऱ्याला मोतीबिंदू असू शकतो आणि हात लावताच गुरगुरणाऱ्याचे सांधे दुखत असू शकतात. यांतील बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. म्हणून आधी रक्त, लघवी आणि डोळे तपासून घ्यावेत. बंगळूरच्या हेब्बाळ भागातील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचे आहे, मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे जुने रुग्णालय आहे आणि लहान गावांतही सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने असतात.

हा आजार पूर्ण बरा होत नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णांना दिले जाणारे सेलेजिलीन हे औषध कुत्र्यांच्या या आजारासाठी अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले. त्याने काही कुत्र्यांना आराम पडतो. मात्र ते पशुवैद्यांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. घरातली झोपेची गोळी, पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तर मुळीच देऊ नये. कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

घरच्यांनी काय करावे?

जेवण, फिरणे आणि झोपणे यांच्या वेळा ठरलेल्या ठेवाव्यात. सामानाची जागा बदलू नये. रात्री एक मंद दिवा चालू ठेवावा. गुळगुळीत फरशीवर जाजम किंवा पोती अंथरावीत. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे त्याला बाहेर नेऊन आणावे. संध्याकाळी थोडे चालवावे, पोळीचा तुकडा वाटीखाली लपवून शोधायला लावावा. म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांवर काही वर्षे प्रयोग झाले. त्यांत सकस आहाराबरोबर खेळ, सोबत आणि फिरणे मिळालेल्या कुत्र्यांची शिकण्याची शक्ती अधिक टिकली.

मारणे, ओरडणे किंवा लघवीत नाक घासणे यांनी काहीच साधत नाही. आपण काय केले हेच ज्याला आठवत नाही, तो शिक्षेतून फक्त भीती शिकतो. आणि सोडून देणे? प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा ठिकाणी त्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय घरातली वाट विसरणारा कुत्रा तळ्याकाठच्या भटक्या कुत्र्यांत किती दिवस तग धरणार?

एखाद्या दिवशी त्याचे खाणे सुटेल, त्याला उठवणार नाही, तेव्हा पुढे काय करायचे हे पशुवैद्यांशी बोलून सगळ्या घराने मिळून ठरवावे. पण तो दिवस येण्याआधी कित्येकदा महिने, क्वचित वर्षेही हाताशी असतात.

मोतीच्या घरी कपाट भिंतीला टेकवले आणि रात्रीचा एक दिवा चालू राहिला, तरी निम्मी अडचण दूर होईल. उरलेले काम नातीचे. तिने शाळेतून आल्यावर आधी हाक मारावी, हात हुंगू द्यावा आणि मग डोक्यावरून हात फिरवावा. तिचे नाव तो विसरला असेल, पण तिचा वास अजून ओळखत असेल.