लॉगमध्ये नसलेला पक्षी



मागच्या वेळी मी फोनच्या बॅटरीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते एक महिना पुढे ढकलतो, कारण मध्येच एक पक्षी आडवा आला.

माझी भाची नववीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने 'हरवलेले पक्षी' हा विषय घेतला. रविवारी जेवताना तिने विचारलं, "मामा, पक्षी हरवतो म्हणजे काय? तो कुठे आहे हे त्याला तर माहीत असेल ना!" सगळे हसले, मीही हसलो. जेवण झाल्यावर मात्र तिला एक व्हिडिओ दाखवायला बसलो आणि दुपारची झोप गेली ती गेलीच.

व्हिडिओ अगदी थोड्या सेकंदांचा आहे. जंगलातली ओलसर जमीन, कुजलेली पानं. कोंबडीएवढा एक पक्षी शेपूट हलवत समोरून चालत जातो. डोकं आणि अंग काळं, पंख तांबूस विटकरी. बघणाऱ्याला वाटेल, यात काय मोठं? पण 1882 मध्ये हा पक्षी पहिल्यांदा संग्रहासाठी मिळवला गेला आणि त्यानंतर 140 वर्षं कुठल्याही शास्त्रज्ञाकडे त्याची नोंद नव्हती. इंग्रजीत त्याला ब्लॅक-नेप्ड फेझंट-पिजन म्हणतात. म्हणजे जातीने कबूतर, पण राहणी जमिनीवरची आणि ठेवण फेझंटसारखी.

हा राहतो फर्ग्युसन बेटावर, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. (नाव ऐकून आमच्या बाबांना पुण्याचं कॉलेज आठवलं. तुम्हालाही आठवलं असेल.) पापुआ न्यू गिनीच्या पूर्व टोकाजवळ एक छोटा द्वीपसमूह आहे, त्यातलं हे बेट. ज्वालामुखी आणि गरम पाण्याचे झरे असलेलं, आणि त्यावर किल्केरन नावाचा डोंगर. डोंगरावर दाट पावसाळी जंगल, एकमेकांना छेदणाऱ्या धारदार सोंडा आणि खोल घळी. रस्ता नाहीच, पायवाट असली तर आपलं नशीब.

2019 मध्ये जेसन ग्रेग, जॉर्डन बोर्स्मा आणि पापुआ न्यू गिनीचेच डोका नासोन दोन आठवडे तिथे जाऊन आले. पक्षी दिसला नाही. हाती लागल्या त्या शिकाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी. सप्टेंबर 2022 मध्ये ते पुन्हा गेले. या वेळी महिनाभराची तयारी होती आणि आठ जणांची तुकडी, त्यात स्थानिक माणसंही. किल्केरनच्या उतारांवर त्यांनी 12 कॅमेरा ट्रॅप लावले, आणि पूर्वी शिकाऱ्यांना पक्षी दिसला होता त्या जागी आणखी 8.

आता कॅमेरा ट्रॅप हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे जरा थांबतो. हा कॅमेरा सतत चित्रीकरण करत नाही, तसं केलं तर बॅटरी दोन दिवसांत संपेल. त्यात एक सेन्सर असतो, आपल्या सोसायटीच्या जिन्यात माणूस आला की दिवा लावणारा असतो, साधारण तसाच. समोरून आसपासच्या हवेपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं की तो कॅमेऱ्याला जागं करतो. मेख अशी, की उन्हाने तापलेलं पान वाऱ्याने हललं तरी तो जागा होतो. मग कार्ड उघडावं तर पान, पान, पुन्हा पान. शिवाय कॅमेऱ्याला दिसतो फक्त समोरचा काही हातांचा तुकडा. अख्ख्या डोंगरात 20 कॅमेरे म्हणजे आमच्या राजवाड्याच्या गर्दीत डोळ्याला पेनाचं टोपण लावून ओळखीचा माणूस शोधण्यासारखं. कॅमेरा कितीही चांगला असो, तो नेमका कुठे लावायचा हे कॅमेऱ्याला कळत नाही.

ते कळलं ऑगस्टिन ग्रेगरी यांना. डोंगराच्या पश्चिमेला दुदा उनुना नावाचं गाव आहे, तिथले ते शिकारी. उंच सोंडा आणि घळी असलेल्या एका भागात आपण हा पक्षी बऱ्याचदा पाहिलाय, त्याचा आवाज ऐकलाय, असं त्यांनी सांगितलं. मग डोका नासोन यांनी गावाच्या वर, क्वामा नदीजवळच्या एका सोंडेवर, सुमारे 1000 मीटर उंचीवर कॅमेरा बांधला.

मुक्काम संपत आला. बेट सोडायला जेमतेम दोन तास उरले असताना ते कार्डांवरचे फोटो बघत बसले होते, आणि एका फोटोत तो होता. इथे भाचीने टाळीच वाजवली.

मग तिच्या प्रश्नाकडे वळलो. 'हरवलेला' या शब्दाची व्याख्या आहे. 'हरवलेल्या पक्ष्यांचा शोध' ही मोहीम तीन संस्था मिळून चालवतात. दहा किंवा त्याहून जास्त वर्षांत निसर्गात ज्या पक्ष्याचा फोटो, आवाजाचं ध्वनिमुद्रण किंवा डीएनए यांतला कुठलाच पुरावा मिळालेला नाही, तो त्यांच्या यादीत जातो. म्हणजे हरवलेली असते ती आपल्याकडची नोंद. बेटावरचे लोक या पक्ष्याला औवो म्हणतात. जे हरवलंय त्याला रोजच्या बोलण्यातलं नाव कसं असेल?

हे सांगताना मला माझीच एक गोष्ट आठवून कसंसं झालं. दोन-तीन वर्षांपूर्वी एका गावातल्या दुकानदाराने तक्रार केली होती, की आमच्या अ‍ॅपमध्ये संध्याकाळी बिल दोनदा बनतं. आम्ही लॉग पाहिले, काही नव्हतं. टेस्ट केलं, सगळं ठीक. 'आमच्याकडे अशी अडचण दिसत नाही' असं छापील उत्तर पाठवून टिकेट बंद केलं. ते मी स्वतः बंद केलं. त्याने तीनदा लिहिलं, तीनदा तेच उत्तर गेलं. पुढे कळलं की नेटवर्क तुटलं की आमचा लॉगच लिहिला जात नव्हता, आणि बिल दोनदा बनायचं ते नेमकं तेव्हाच. दुकानदार खरं सांगत होता. आम्ही आमच्या कोऱ्या पानावर जास्त विश्वास ठेवला होता.

आणि कधीकधी नोंद असते, पण खोटी असते. आपल्या सातपुड्यातला वनपिंगळा घ्या, ते छोटं घुबड. 1884 नंतर तो बेपत्ता होता. रिचर्ड माइनर्ट्झहेगन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने 1914 मध्ये तो गुजरातेत मिळाल्याची नोंद केली होती आणि त्या भरवशावर पुढच्या लोकांनी शोध घेतला. पामेला रासमुसेन यांनी उघड केलं, की ते कातडं दुसऱ्याच्या संग्रहातून चोरलेलं आणि चिठ्ठी बनावट होती. मग जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरून शोध झाला आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा सापडला. आपल्या खंडव्याकडच्या जंगलातही तो आहे. एका चुकीच्या एंट्रीने किती माणसांचे पाय दुखवले असतील!

पण औवोची गोष्ट फोटोपाशी संपत नाही. ज्या जंगलात फोटो मिळाला, त्याच्या मुख्य मालकाने या तुकडीला सांगितलं, की आपण नुकताच एका लाकूड कंपनीशी करार केलाय. पापुआ न्यू गिनीत बहुतेक जमीन सरकारची नसते, पिढ्यान्पिढ्या कुळांच्या मालकीची असते. म्हणजे जंगल तोडायचं की राखायचं, हे औवोचं नाव माहीत असलेली माणसंच ठरवणार. त्यांनाही मुलांच्या शाळेची फी भरायची असते, घरात औषधपाणी लागतं. इंदूरच्या फ्लॅटमध्ये एसी लावून त्यांना 'झाडं विकू नका' म्हणणं मला काही जमत नाही. पण शिकाऱ्याच्या सांगण्यावरून पक्षी सापडला, तर त्या सांगण्याचे, वाट दाखवण्याचे, पुढे राखणीचे पैसे गावाला मिळायला हवेत, आणि लाकडाच्या पैशांच्या आधी मिळायला हवेत, एवढं मला वाटतं. हा पक्षी जगातल्या सर्वांत धोक्यातल्या पक्ष्यांमध्ये मोडतो आणि त्याला दुसरं बेट नाही.

भाचीने विचारलं, "मग तोडलं का जंगल?" आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत उपग्रहाच्या नकाशावर किल्केरन मोठा करून बघत बसलो. ढग होते, ढगांखाली हिरवं होतं. दुदा उनुना काही आम्हाला सापडलं नाही.

प्रोजेक्टच्या मुखपृष्ठावर तिने इंग्रजी नाव बारीक अक्षरात लिहिलंय आणि वर मोठ्या अक्षरात 'औवो'. बाईंनी विचारलं तर काय सांगायचं, याची तिची तयारी चालू आहे.

पुढच्या महिन्यात बॅटरी. नक्की.